अस्वलाचं नाव

लवळ्यात हैबतरावांच्या तीन मजली इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूंना गावाने त्यांच्या अभ्यासावरून नावं पाडली होती. खालच्या मजल्यावर एमबीए, मधल्यावर डिझाइनवाल्या, आणि गच्चीलगतच्या खोलीत 'रशियाचे सर'. हे सर रशियाचे नव्हते, नाशिकचे होते. सर तर नव्हतेच. छत्तिसाव्या वर्षीही कौस्तुभ विद्यार्थीच होता. पण दाढी आणि चष्मा असला की गाव माणसाला सर करून टाकतं, आणि फुकट मिळालेला मान परत करणाऱ्यांतला कौस्तुभ नव्हता.

त्याचं काम सांगायला सोपं होतं, पटवायला अवघड. दीडेक हजार वर्षांपूर्वी पूर्व युरोपात एक भाषा बोलली जायची. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या तिच्या लेकी. आईने मरताना एक ओळ लिहून ठेवली नाही. तेव्हा लेकींचे शब्द शेजारी शेजारी मांडायचे आणि त्यावरून आईचा शब्द कसा असेल ते काढायचं. कौस्तुभच्या गुरूंनी हयातभर बसून एकेका शब्दाचं एकेक कार्ड केलं होतं. गुरू वारले, कार्डं शिष्याकडे आली. प्रत्येक कार्डावर खाली लेकी, वर आई. आईचा शब्द कुणी लिहिलेला नसतो, त्याला साक्षीदार नसतो, म्हणून त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे, होता असणार. पाहिला कोणी नाही.

ही कार्डं खोलीभर फरशीवर मांडलेली होती, दारापासून खिडकीपर्यंत, शाखा-उपशाखा करून. मधून चालायला वीतभर वाट. मार्चअखेर प्रबंध द्यायचा होता. आईवडील गेलेले, भावंड नाही, लग्न नाही. त्यामुळे या मांडणीवर पाय पडेल असं माणूस त्याच्या आयुष्यातच नव्हतं. त्याला ती सोय वाटायची.

उंबऱ्यापर्यंत यायची मुभा फक्त सारजाबाईंना होती. सारजाबाई ही हैबतरावांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्याने परत आणून सोडली, मूल झालं नाही म्हणून. तेव्हापासून चाळीसेक वर्षं ती याच घरात होती. भाडेकरू पोरांचे डबे तिच्याच हातचे. भात उतरवला की झाकणावर चिमूटभर मीठ ठेवायची. कुठल्याही उंबऱ्याशी आली की आत पाऊल टाकण्याआधी जिभेने दोनदा टक् टक् करायची. का, ते विचारलं तर म्हणायची, "सवय."

एका दुपारी भाकरीची ताटली ठेवता ठेवता तिने विचारलं, "ह्यो कसला कागद, सर?"

"हे अस्वलाचं कार्ड, आत्या."

"रशियात अस्वलं लई म्हनत्यात."

"लई. म्हणूनच गंमत आहे. तिकडे अस्वलाला मेद्वेद म्हणतात. म्हणजे मध खाणारा."

"मध? आपला मध?"

"आपलाच, लांबचा भाऊ. पण ते अस्वलाचं खरं नाव नव्हे. खरं नाव घेतलं की ते येतं, अशी भीती होती. मग कोणी घेईना. आज्याने घेतलं नाही, बापाने घेतलं नाही, पोरांना ते कळलंच नाही. त्यांच्या एकाही भाषेत ते आज उरलेलं नाही."

"आमीबी सापाला लांबडं म्हनतो." ती जरा टेकली. "मग? नाव मेल्यावर अस्वल यायचं थांबलं व्हय?"

कौस्तुभ हसला. "कशाचं थांबतंय."

"आनि ज्या शब्दाला लेकरंच न्हाईत, त्याचं कसं करता?"

"त्याचं कार्ड होत नाही, आत्या. हजारो माणसं तो रोज बोलली असतील, जेवताना, भांडताना. पण मागे कोणी उरलं नाही तर तो नव्हताच असं धरून चालावं लागतं."

निपुत्रिक बाईला हे सांगताना त्याचा आवाज छान समजावणीचा होता. विद्वान माणसाच्या लक्षात अशा गोष्टी येत नाहीत.

सारजाबाईने ताटलीवरचं फडकं घडी केलं. तिची घडी ठरलेली होती: चौघडी, आणि चारही टोकं पोटात. "मरू दे, दिस जातोय," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. हे तिचं पालुपद होतं.

रोज चार वाजता खाली ओट्यावर चहा व्हायचा. हैबतराव, त्यांची बायको चंद्रकला, कॉलेजात जाणारी मुलगी आरोही, सारजाबाई आणि पाहुणा म्हणून कौस्तुभ. तो कपावर बशी पालथी घालायचा, तिच्यावर नखाने दोनदा टिचकी मारायचा आणि मगच कप उचलायचा.

"सर, आत कोणी आहे का?" आरोही दर वेळी विचारायची. "दार वाजवताय म्हणून विचारलं."

त्या हिवाळ्यात ओट्यावर हसणं कमी झालं. डोंगराखालचं भाताचं खाचर बंगल्यांच्या स्कीमला द्यायचं हैबतरावांच्या मनाने घेतलं होतं. वरच्या अंगाला जेसीबी लागलेच होते. त्यांची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. सगळं जुळलं होतं, सारजाबाईची हक्कसोड तेवढी बाकी होती, आणि ती अंगठा द्यायला तयार नव्हती.

"सही दिली की माझं हितं काय ऱ्हातं?" ती भावाला म्हणाली. "चुलीम्होरली जागा? ती तर मांजराचीबी असती."

आठ दिवसांनी हैबतराव जिना चढून वर आले. उंबऱ्यावर उभे राहिले. कार्डांच्या रांगांवरून त्यांनी नजर फिरवली, पिकावरून फिरवावी तशी.

"सर, एक काम हाय. पौडला वकिलाकडं वंशावळ करायचीय. साक्षीदार दोन लागत्यात. एक वकील देतोय."

"गावातलं कोणी..."

"गावातल्या समद्यांची कंबर धरलीय. एकाच दिशी."

"त्यात आत्यांचं नाव असेल ना?"

"कागदात न्हाई," हैबतराव शांतपणे म्हणाले. "घरात हायच की. कुटं जातीय ती?" मग खाली वाकून त्यांनी दारातलं एक कार्ड बोटाने सरळ केलं. "पुढल्या म्हयन्यात समद्या खोल्या इंजिनेरांना द्यायच्यात. तुमची तेवढी मागं ठिवता यील, म्हनलं."

कौस्तुभने रात्रभर विचार केला असं म्हणायची पद्धत आहे. त्याने अर्धा तास केला. कार्डं उचलायची, दुसरी खोली शोधायची, पुन्हा मांडायची. मार्च हातचा गेला. शिवाय कागद तो कागद. सकाळी तो हैबतरावांच्या गाडीतून पौडला गेला. 'वर नमूद केलेल्यांखेरीज अन्य कोणीही वारस नाही, हे आम्ही प्रत्यक्ष जाणतो,' या ओळीखाली त्याने पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर सुरेख होतं. वकीलही म्हणाला.

परत आला तेव्हा सारजाबाई पायरीवर तांदूळ निवडत होती.

"पौडला गेलता?"

"हो. जरा काम होतं."

"गावातलं एक कुत्रं सही कराया तयार न्हवतं," ती सुपातून मान वर न काढता म्हणाली. मग एक खडा अंगणात फेकला. "चांदनी काढली व्हय माझ्यावर?"

कौस्तुभ चष्मा पुसत राहिला.

"जेवा वर जाऊन. कालवण गार हुईल."

त्या दिवसापासून हैबतरावांनी घरात बहिणीचं नाव घ्यायचं बंद केलं. कोणी चौकशीला आलं तर तोंडून जायला नको, म्हणून. चंद्रकला 'वन्सं' म्हणायची, ती 'त्या' म्हणू लागली. मग 'आतल्या'. मग काहीच नाही. कौस्तुभला हे नाटक वाटलं, आणि चांगलं वठलंय असंही वाटलं. ओट्यावर पाच कपांऐवजी चार येऊ लागले. सारजाबाई उभ्याने, पातेल्यातला उरलेला चहा वाटीत ओतून प्यायची. ती अंगणातून गेली तरी दारातलं कुत्रं आता मान उचलायचं नाही.

मग गंगूबाई आली. शेजारची गंगूबाई आणि सारजाबाई चाळीस वर्षं रोज दुपारी एका पायरीवर बसून मिश्री लावत आल्या होत्या. त्या दिवशीही दोघी बसल्या. कौस्तुभ जिन्यावर फोनला रेंज शोधत होता, त्याला दोघी सरळ दिसत होत्या. गंगूबाईने बोट दातांवरून काढलं, अंगणभर नजर टाकली आणि आत चंद्रकलेला ओरडून म्हणाली, "समदं हाय बग तुमच्यात. पर घरात म्हातारं मानूस न्हाई. घराला शोभा न्हाई त्याबिगर."

सारजाबाई तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

"व्हय की," चंद्रकला आतून म्हणाली. "नशिबात लागतं."

सारजाबाईने कौस्तुभकडे पाहिलं. त्याने फोनकडे पाहिलं.

ती दिसेनाशी कधी झाली, याची तारीख त्याला कधीच सांगता आली नाही. पाचव्या शतकातला शब्द सहाव्यात कसा बदलला हे सांगणारा माणूस, पण मागचा बुधवार की गुरुवार ते त्याला आठवेना. डबा वर येत होता, पण दारात ठेवलेला असायचा. एका सकाळी चुलीजवळची तिची पत्र्याची पेटी नव्हती, आणि पेटीखालच्या फरशीवर कसला डागही नव्हता.

"आत्या कुठे गेल्या गं?" त्याने आरोहीला विचारलं.

"कोणाच्या आत्या?"

"तुझ्या. सारजाआत्या."

"मला आत्या नाहीये, सर. बाबा एकटेच." मग ती हसली. "तुम्ही खूप वाचता. जरा फिरून या."

तिच्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं. कौस्तुभने ते नीट शोधलं. हे बोलता बोलता तिने डब्याचं फडकं घडी केलं. चौघडी. चारही टोकं पोटात.

"ही घडी तुला कोणी शिकवली?"

"कोणी नाही. आमच्यात असंच."

पुढचे चार दिवस तो प्रबंध सोडून घरातल्या माणसांकडे पाहत राहिला. हैबतराव माजघरात शिरताना जिभेने दोनदा टक् टक् करायचे. पुढचा दात पडलेला, त्यामुळे त्यांच्या टक्‌मध्ये थोडी हवा होती. चंद्रकला भात उतरवला की झाकणावर चिमूटभर मीठ ठेवायची. गंगूबाई उठताना म्हणायची, "मरू दे, दिस जातोय." प्रत्येकाला त्याने विचारलं, आणि प्रत्येकाने तेच उत्तर दिलं. आमच्यात असंच.

चार जणांत एकाच वळणाच्या गोष्टी सापडतात आणि त्या कुठून आल्या हे एकालाही ठाऊक नसतं, तेव्हा काय करायचं हे जगात कोणाला येत असेल तर ते कौस्तुभला. त्याने कोरं कार्ड घेतलं. खाली एकेक नोंद केली. घडी: आरोहीच्या बोटांत. टक् टक्: हैबतरावांच्या तोंडात. मीठ: चंद्रकलेच्या हातात. पालुपद: गंगूबाईच्या आवाजात. वरची जागा मोकळी सोडली. गुरूंची शिकवण होती, खालून वर जायचं, आईचा शब्द सगळ्यांत शेवटी लिहायचा. आणि हे नाव तर त्याला पाठच होतं.

कार्ड घेऊन पौडला जायचं, सही मागे घेतो म्हणून लिहून द्यायचं, असं त्याने ठरवलं. तिला पाहिलेलं सांगणारा आता तो एकटाच होता. सोमवारी जायचं ठरलं. पण सोमवारी 'बहीण' या शब्दाचं कार्ड हाताशी आलं. जुन्या काळी 'सेस्त्रा'. रशियापासून बल्गेरियापर्यंत घरोघरी जिवंत. संस्कृतातली तिची जुळी 'स्वसा'. मराठीने ती घालवली; 'मावशी' म्हणजे मातृस्वसा, त्या शब्दाच्या पोटात तेवढी तिची शेपटी राहिली, ती परक्याच्या लेकरांच्या तोंडात. टीप फार सुंदर झाली. तिच्यात चार दिवस गेले. प्रबंध दिल्यावरच पौडला जावं, असं त्याला मग वाटलं. इतके दिवस थांबली, आणखी महिनाभर थांबेल.

शुक्रवारी दुपारी त्याने घरातल्या चार नोंदींचं ते कार्ड पुढे ओढलं, वरचं नाव घालून टाकावं म्हणून. पेन टेकवलं. चांदणी काढली.

पुढे काही आलं नाही.

त्याने खालच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. अक्षर त्याचंच होतं. कोणीतरी होतं असणार, हे त्यावरून स्पष्ट होतं. बाई असावी. वय झालेली असावी. तिने आपल्याला काही विचारलं होतं का, कशाबद्दल तरी, मधाबद्दल? पुराव्यावाचून तेवढंही म्हणता येत नव्हतं.

खाली जेसीबी थांबला. जेवणाची सुट्टी झाली असणार. खोलीत ऊन होतं, सगळी कार्डं स्वच्छ दिसत होती.

उंबऱ्याशी आवाज झाला. टक् टक्.

त्या आवाजात थोडी हवा होती. पुढचा दात नसल्यासारखी.

"हैबतराव?" तो म्हणाला.

कार्डांमधल्या वीतभर वाटेवरून काहीतरी आत आलं. एकही कार्ड हललं नाही. तो पाठमोरा बसला होता, आणि मान वळवायची गरज नाही असं त्याने स्वतःला सांगितलं.

खांद्यावरून दोन हात पुढे आले. तरुण हात होते. नखांना जांभळं नेलपॉलिश होतं, आरोहीचं असतं तसंच, अंगठ्याचं थोडं खरवडलेलं. त्यांनी मेजावरचं फडकं उचललं आणि घडी घातली. चौघडी. चारही टोकं पोटात.

बाजूला डबा होता. त्याच्या झाकणावर मिठाची चिमूट होती.

"मरू दे," गंगूबाईचा आवाज म्हणाला. "दिस जातोय."

मग त्याने मान वळवली.

घडी, टक् टक्, मीठ, चार शब्द. कार्डावर होतं तेवढं सगळं आलं होतं.

चेहरा कोणीच घेतला नव्हता.

किती वेळाने तो जिना उतरला, कोण जाणे. खाली चारचा चहा चालू होता. हैबतराव, चंद्रकला, आरोही आणि आज गंगूबाईही. कप चार होते. कौस्तुभ खालच्या पायरीवर बसला. त्याला बोलायचं होतं. आधी चहा मिळाला असता तर बरं झालं असतं.

"वरची खोली इंजिनेराला दिऊन टाकतो," हैबतराव म्हणाले. "उगं मोकळी पडलीय."

"त्यात कसले कागद हायेत फरशीवर," चंद्रकला म्हणाली. "कुनी टाकल्यात काय की."

"बंबाला हुतील."

"हैबतराव," कौस्तुभ म्हणाला.

कुत्रं पायरीवर त्याच्या पायाशीच झोपलं होतं. त्याने मान उचलली नाही.

आरोहीने आपल्या कपावर बशी पालथी घातली. नखाने तिच्यावर दोनदा टिचकी मारली आणि मग कप उचलला.

"ह्ये काय गं नवीन?" गंगूबाईने विचारलं. "कुनी शिकवलं?"

समोरच्या रिकाम्या पायरीकडे आरोहीने पाहिलं, मग बशीकडे.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आमच्यात असंच."